मागच्या एक्सलचा श्रावण

जुलै लागला की नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते. कडेला फेकलेले, चाकाखाली आलेले टोमॅटो पावसात भिजून आंबतात आणि तो गोडसर आंबट वास अंगावरच्या कपड्यांतून घरापर्यंत येतो. परवा मी शिकवते ती बालवाडी सुटल्यावर येताना अशाच रांगेत रिक्षात अडकले होते. शेजारची पिकअप जरा मागं सरली, हिसका देऊन पुढं आली, आणि तिच्या मागच्या चाकांच्या मधून खर्रकन आवाज झाला.

"हिच्या मागच्या एक्सलचे दाते गेलेत," मी बोलून गेले.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमाला वं कसं कळलं?"

मी नुसती हसले. कसं कळलं हे सांगायचं तर त्याला एक अख्खा पावसाळा सांगावा लागला असता, आणि तो मला स्वतःलाच अजून नीट उमगलेला नाही. आयुष्यातले बाकीचे पावसाळे एकमेकांत मिसळून गेले. कुठल्या वर्षी ओढ्याला पाणी आलं, कुठल्या वर्षी भिंत खचली, काही सांगता येत नाही. हा एक मात्र वेगळा राहिला, कारण त्यात आमच्या घरात सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, आणि ती गोष्ट म्हणजे एका जुन्या गाडीचा मागचा एक्सल.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. माझं माहेर घोडेगावचं, आंबेगाव तालुक्यातलं. लग्न होऊन मी नारायणगावजवळच्या वस्तीवर आले. घरात चारच माणसं: सासरे, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं आणि मीही, सासूबाई म्हणजे आत्या, माझा नवरा सुरेश आणि मी. नवऱ्याचं नाव मी लिहिताना घेते, बोलताना अजूनही जीभ वळत नाही. सुरेशचं बाजारपेठेत मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो जुनी तार काढून नवी भरायचा. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसे. पावसाळा आला की विहिरी भरत, मोटारी बंद राहत, आणि सुरेशचे हात रिकामे होत.

आण्णांनी उभ्या आयुष्यात ट्रक चालवला, दुसऱ्याच्या मालकीचा. कांदा, द्राक्षं, टोमॅटो घेऊन मुंबईच्या बाजारात जायचं आणि परत यायचं. त्यांची एकच इच्छा होती, की आपला स्वतःचा ट्रक असावा आणि तो मुलानं चालवावा. सुरेशनं नाही म्हटलं आणि दुकान टाकलं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं. एका ताटात जेवतील इतक्या जवळ बसायचे, एकमेकांकडे भाजी सरकवायचे, पण बोलायचे नाहीत. काही सांगायचं झालं तर आत्यांना सांगायचे, आणि मी आल्यावर मला.

"सूनबाई, त्याला म्हणावं, पाठीमागची कौलं सरकल्यात."

"आण्णांना सांग, रविवारी बघतो."

दोघं एकाच ओट्यावर बसलेले. मी मधे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी गंमत चाललीय. आठवडाभरानं कळलं की या घरात नव्या सुनेला मिळालेलं हेच काम आहे. स्वयंपाक आत्यांच्याच हातात होता, गोठा आत्यांच्याच हातात होता. निरोप तेवढे माझे.

ती गाडी सुरेशकडं कशी आली ते मी नंतर ऐकलं. मुंबईच्या एका पाव्हण्याची ती गाडी, लांब नाकाची, रुंद बसणीची, एके काळी लग्नात नवरदेवाला मिरवायला मागून न्यावी अशी. तिचं इंजिन संपलं होतं. पाव्हण्यानं ती टाकून दिल्यासारखी दिली. सुरेशनं तिच्यात एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचं दणकट पेट्रोल इंजिन बसवलं. ते बसवायला त्याला अख्खा आधीचा पावसाळा लागला होता. मी आले तेव्हा गाडी अंगणात उभी होती, रंग उडालेला, पण चावी फिरवली की असा आवाज करायची की गोठ्यातली म्हैस दावं ताणायची.

"अहो, एवढं मोठं इंजिन कशाला?" मी एकदा विचारलं.

"वढायला."

"काय ओढायला?"

सुरेश हातातल्या फडक्याकडं बघत राहिला. "तसं न्हाई गं. पाय दाबला का गेली पायजे. नुसती गेली पायजे."

कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मी अजून त्या उत्तरावर विचार करते. दुकानात दिवसभर एका जागी बसून बारीक तार मोजून गुंडाळणारा, आवाज न चढवणारा माणूस. त्याला असं कुठं जायचं होतं? तेव्हा वाटायचं, घरातून. मग वाटायचं, माझ्यापासून तर नाही? नव्या नवरीला असलं काहीही वाटतं.

आषाढात एका बाजाराच्या दिवशी गाडी पहिल्यांदा बंद पडली. बंद पडली म्हणजे इंजिन चालूच होतं. दुकानासमोरून निघताना सुरेशनं पाय जरा जोरात दाबला, खालून काहीतरी कडाडलं, आणि मग इंजिन नुसतंच गर्जत राहिलं, गाडी जागची हलेना. बाजारातली माणसं टोपल्या खाली ठेवून बघायला लागली. मी पिशवी घेऊन शेजारच्या सीटवर, पदर तोंडाला लावून.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाडीला मागचा एक्सल नावाची वस्तू असते. मागच्या दोन चाकांच्या मधे एक आडवा जाड लोखंडी नळा. मधोमध एक गोळा, त्याच्यात दाते. इंजिनाची ताकद त्या गोळ्यात येते आणि तिथून नळ्याच्या आतून डावीउजवीकडे जाणाऱ्या दोन सळयांवाटे चाकांना मिळते. त्या सळया म्हणजे शाफ्ट. आमचा उजवा शाफ्ट गोळ्याच्या तोंडाशी तुटला होता. इंजिन नवं आणि अंगानं दुप्पट, एक्सल जुना आणि मूळच्या इंजिनाच्या बेताचा. तो काय करणार बिचारा, असं मला वाटलं. एक्सलची दया आली, हेही खरं.

नारायणगावात मनोहरभाऊंचं लेथचं दुकान होतं. हे सुरेशचे शाळेपासूनचे मित्र. दोघांनी मिळून ठरवलं की मूळच्यापेक्षा चांगल्या पोलादाचा नवा शाफ्ट करून घालायचा. हे आण्णांच्या कानावर गेलं, आणि आमच्या घरात निरोपांचा पूर आला. आण्णा ओट्यावर, सुरेश अंगणात गाडीखाली, मधे मी.

"सूनबाई, त्याला म्हणावं, असल्या एक्सलात चाकाचं वजन शाफ्टच धरतो. बाहेरच्या तोंडाला तुटला का चाक चाललं निघून."

मी अंगणात जाऊन वाकले. "अहो, आण्णा म्हणतात, वजन शाफ्ट धरतो, आणि तुटला तर चाक निघून जातं."

"आण्णांना सांग, म्हणूनच जाडजूड करून घेतोय."

"आण्णा, ते म्हणतात—"

"त्याला म्हणावं, ट्रकचा बघ. ट्रकचं वजन नळ्यावर असतंय. शाफ्ट नुसता फिरवायला. तुटला तरी चाक जाग्याला ऱ्हातंय."

"अहो, ट्रकचं वजन नळ्यावर असतं म्हणे."

"नळ्यावर का गोळ्यावर? नीट विचार."

मी परत ओट्यापाशी. "आण्णा, नळ्यावर का गोळ्यावर?"

"नळ्यावर!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलं. तरी सुरेश गाडीखाली गप्प पडून राहिला. मी जाऊन सांगेपर्यंत त्याला ऐकू आलेलं नाही, असंच धरायचं होतं.

दिवसातून कितीदा तरी मी ते अंगण ओलांडायची. शब्द तोंडात बसत नव्हते, अर्थ कळत नव्हता. कधी आण्णांचं बरोबर वाटायचं, कारण ते वय आणि अनुभव. कधी सुरेशचं, कारण तो माझा नवरा. संध्याकाळी आत्या भाकरी थापताना विचारायच्या, "काय गं, काय म्हनत्यात दोघं?" मी म्हणायची, "चाक निघून जाईल म्हणतात." आत्या म्हणायच्या, "कुनाचं?" आणि आम्ही दोघी चुलीपुढं हसायचो.

मनोहरभाऊंनी केलेला शाफ्ट बसला. गाडी पुन्हा धावायला लागली. मग माझ्या भावाचा साखरपुडा आला, घोडेगावला. सुरेश म्हणाला, गाडीनं जाऊ. आण्णांनी निरोप दिला की मी एसटीनं येईन. आत्या, मी आणि सुरेश निघालो. मंचरपर्यंत महामार्गानं छान गेलो. मंचर सोडून घोडेगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भुईमुगाची हिरवी शेतं, मधूनच पावसाची भुरभुर. आत्या मागच्या सीटवर मांडीवर साडीचोळीचं ताट घेऊन बसलेल्या. सुरेश खुशीत होता. सरळ रस्ता दिसला तसा त्यानं पाय दाबला आणि गाडी खरंच नुसती गेली. मला पाठीत सीट टोचल्याचं आठवतं. मला हसू आलं.

मग डावीकडून एक चाक आमच्या पुढं गेलं.

मला ते एखाद्या लॉरीचं वाटलं. मी म्हणालेसुद्धा, "अहो, कुणाचं तरी चाक—" तेवढ्यात गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसला, लोखंड डांबरावर घासलं, आत्या ओरडल्या. सुरेशनं स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं, ब्रेकवर हळूहळू पाय ठेवत गाडी रस्त्याच्या कडेला आणली आणि ती एका बाभळीच्या अलीकडं तिरकी होऊन थांबली. चाक चर ओलांडून भुईमुगात शिरलं आणि लांबवर जाऊन आडवं झालं. त्याच्याबरोबर तुटक्या शाफ्टचं टोक बाहेर आलेलं, चकचकीत.

आत्यांच्या दंडाला खरचटलं होतं, बाकी कुणाला काही नाही. ताटातलं खोबरं सगळ्या गाडीभर. सुरेश खाली उतरला आणि आईच्या दंडावर हात ठेवून उभा राहिला. समोरून आलेल्या शेतकऱ्यानं चाक आणून दिलं. "पावणं, देवानं वाचवलं तुमाला," तो म्हणाला. सुरेशनं मान डोलावली.

आम्ही जीपनं साखरपुड्याला पोचलो. आण्णा आधीच आले होते. त्यांनी आत्यांचा दंड पाहिला, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता निरोप येणार, आणि तो कसा पोचवायचा याची मी मनात जुळवाजुळव करू लागले.  पण ते पंगतीत जाऊन बसले आणि खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाचा तरी टेम्पो घेऊन स्वतः त्या बाभळीपाशी गेले. सुरेश आणि मीही गेलो. गाडी जॅकवर घेतली. आण्णांनी धोतराचा काचा मारला, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि गाडीखाली सरकले. सुरेश बाजूला उभा. बराच वेळ खालून नुसता ठोकल्याचा आवाज. मग आण्णांचा आवाज आला.

"बॅटरी धर रे."

मी इकडंतिकडं पाहिलं. निरोप माझ्याकडून नव्हता. सुरेशही क्षणभर तसाच उभा राहिला, मग टॉर्च घेऊन खाली वाकला.

"कुठं धरू?"

"हितं. हितं बघ कसा तुटलाय. जुनी चीर व्हती. काळं पडलंय बघ तेवढं."

"म्हंजे हा आपला नवा न्हाई. डावा जुनाच व्हता."

"जुनाच व्हता. पन चाक गेलं ना?"

"मनोहरचा तर शाबूत हाये, आण्णा."

"शाबूत हाये. मी कुठं न्हाई म्हनतोय?"

मी आण्णांची टोपी हातात धरून रस्त्यावर उभी. दोघांचंही बरोबर ठरलं होतं. मनोहरभाऊंचा शाफ्ट टिकला म्हणून सुरेशचं, आणि चाक निघून गेलं म्हणून आण्णांचं. मग कोण चुकलं? मला काही केल्या कळेना. आणि मी रडत का होते, तेही कळेना. घाबरून म्हणावं तर घाबरण्याची वेळ कालच होऊन गेली होती.

श्रावण लागला. दुकान रिकामंच होतं. गाडी अंगणात ठोकळ्यांवर चढवली होती आणि एक्सल काढून ओट्याखाली ठेवला होता. आता प्रश्न होता नवा कुठला घालायचा. सुरेशचं म्हणणं, हाच ठेवू, दोन्ही शाफ्ट नवे करू, चाक धरून ठेवायला बाहेरून एक वेगळी कडी करू, नळ्याला खालून पट्टी जोडू. आण्णांचं म्हणणं, एखाद्या मिनी ट्रकचा एक्सल आणू, त्यात वजन नळ्यावर असतं, म्हणजे भीतीच नको. सुरेश म्हणायचा, तो रुंद आहे, चाकं बाहेर येतील. आण्णा म्हणायचे, कापून बसवू. सुरेश म्हणायचा, जड होईल. आण्णा म्हणायचे, होऊ दे.

हे सगळं ते आता एकमेकांशी बोलत होते. पहिले दोन दिवस मी सवयीनं ओट्यापाशी जाऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, "पोरी, काय पायजे का तुला?" मी म्हटलं, "न्हाई," आणि आत आले.

शेवटी सुरेशनं मला विचारलं. "तू सांग. तुला बसायचंय त्या गाडीत. कुठला बसवू?"

त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी असं काही विचारलं होतं. मी रात्रभर नाही, पण त्या दिवशी दुपारभर तरी विचार केला. चाक जाऊ नये हे मला हवं होतं. पण गाडी रस्त्यावर नुसती गेली होती, त्या वेळचा सुरेशचा चेहराही मला हवा होता. मी म्हटलं, "आत्यांना पुन्हा बसवता येईल तो." सुरेशनं मान हलवली. एवढ्यावर ठरलं, की आधीच ठरलं होतं आणि मला नुसतं विचारलं होतं, कुणास ठाऊक.

आम्ही तिघं चाकणच्या बाजूला एका भंगारवाल्याकडं गेलो. चिखलात एक्सल पडलेले, ओळीनं. आण्णा एकेकाची पेचाची टोपी काढायचे, आत बोट घालून तेल बाहेर आणायचे आणि अंगठ्यावर चोळून उन्हात धरायचे. तेलात चमकणारी कणी दिसली की पुढचा. एकात काही चमकलं नाही. मग सुरेश म्हणाला, दात्यांचा हिशेब बघू. त्यानं मला एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेला. दोघांनी आपापल्या बाजूचं चाक एकाच वेळी एक फेरा फिरवायचं आणि मधे गोळ्याच्या तोंडाचा किती फेरा होतो ते आण्णांनी खडूच्या खुणेवरून मोजायचं. चाक जितकं हळू आणि गोळ्याचं तोंड जितकं जास्त फिरेल तितकी ताकद जास्त, वेग कमी.

आण्णांनी मोजलं आणि सांगितलं. सुरेशचा चेहरा पडला.

"लई फिरतोय. गाडी पळायची न्हाई, आण्णा."

"चढंल की पन. कुटंबी चढंल."

"मला चढायचं न्हवतं."

"मग तुला काय करायचंय, सुरेश?"

आण्णांनी हे रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. माझे हात ग्रीसनं माखलेले, मी चाक धरून उभी, आणि मलाही तेच ऐकायचं होतं. सुरेशनं एक्सलकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "घ्या हाच."

मनोहरभाऊंच्या दुकानात नळा दोन्ही बाजूंनी कापला. कापलेल्या तोंडांत आतून दुसरी नळी घालून जोड दिला आणि वेल्डिंग थोडं थोडं करत, थंड होऊ देत, उलटसुलट बाजूंनी केलं. एकदम केलं तर नळा वाकतो. सरळपणा बघायला आतून लांब सळई घातलेली. शाफ्ट कापून नव्यानं दाते पाडले. खालून नळ्याला धनुष्यासारखी वाकवलेली जाड पट्टी जोडली. पुढून इंजिनापासून येणारा दांडा आखूड करावा लागला, ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागल्या. एक झालं की दुसरं निघायचं. श्रावण त्यातच गेला. आत्यांचे सोमवार, शनिवार, माझी मंगळागौर, सगळं ग्रीसच्या वासात.

दोघं दिवसभर अंगणात असायचे. मी भिंतीच्या अलीकडं तांदूळ निवडत बसायची आणि ऐकायची. सुरुवातीला नुसती मापं. मग एक दिवस आण्णा सांगत होते, माळशेजच्या घाटात पावसात त्यांच्या ट्रकचा शाफ्ट तुटला, दरड कोसळत होती, दगड लावून ट्रक उभा केला आणि दोन दिवस टोमॅटोच्या पेट्यांच्या आडोशाला काढले. "तवा तू पाळन्यात व्हता. मी मनात म्हनलं, परत गेलो तर गाडी सोडीन." सुरेश म्हणाला, "मग सोडली का न्हाई?" आण्णा म्हणाले, "सोडली का न्हाई ते आता काय सांगू." मग पाना फिरवल्याचा आवाज.

मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प व्हायचे. मला आनंद होता. इतक्या वर्षांची गाठ सुटत होती, आत्या देवापुढं साखर ठेवत होत्या. पण आता माझं कुणाला काम नव्हतं. ज्या घरात मी निरोप नेणारी म्हणून रुळले होते, तिथं निरोपच उरले नव्हते. दोघांच्या मधली ती जागा मला कधी नकोशी होती आणि कधी माझी झाली, ते मला समजलंच नाही. चहाचे कप परत नेताना मी ओसरीत थांबायची, कुणी हाक मारतं का बघत.

भाद्रपदात गाडी तयार होऊन ठोकळ्यांवरून उतरली. चाकं बरोबर मडगार्डांखाली बसली होती. चौघंही निघालो, आहुप्याला. डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं रस्ता, पाण्यावर धुकं, मग चढ. गाडी पळत नव्हती, पण कुठं अडतही नव्हती. मागून एकसारखा जड घुमणारा आवाज यायचा. वर देवराईपाशी थांबलो. आण्णा उतरले, गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली हात घालून गोळ्यावर तळवा टेकवला. खूप तापला असेल तर दाते चुकीचे बसलेत असं समजायचं. सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो.

"हात ठिवता येतोय," आण्णा म्हणाले.

सुरेश हसला. लहान मुलासारखा हसला. मग दोघं झाडांच्या अंधारात देवाकडं गेले, मी आणि आत्या मागून.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. मला वाटलं थकलेत. दुसऱ्या दिवशीही नाही. सुरेश दुकानात गेला, आण्णा ओट्यावर बसले. गाडी अंगणात उभी, नीट. चार दिवसांनी आण्णा मला म्हणाले, "सूनबाई, त्याला म्हणावं, म्हशीला वैरन आनायची हाये."

मी दारात थबकले. त्या वेळी मला जे झालं त्याला काय म्हणावं हे मला तेव्हाही सुचलं नाही, आताही सुचत नाही. वाईट वाटलं, नक्की. पण पाय आपोआप अंगणाकडं वळले आणि ते हलके होते.

एक्सल पुन्हा कधी तुटला नाही. वर्षं गेली. गाडीनं आत्यांना दवाखान्यात नेलं, माझ्या बाळंतपणाला नेलं, पावसात अडकलेली वऱ्हाडं ओढून काढली. मी कितीदा कान देऊन ऐकायची, खालून काही कडाडतं का. काहीच नाही. आपण इतकं पक्कं करून ठेवलं की बोलायला काही उरलंच नाही, असं मला वाटायचं. मग वाटायचं, छे, एखाद्या लोखंडाच्या नळ्यावर कुणाचं बोलणं असतं का? नळ्यावर का गोळ्यावर. मला ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

दोन हजार सालानंतर पेट्रोल परवडेना, मुलगी शाळेत जायला लागली, सुरेशनं छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. आळे गावचा एक माणूस जुन्या गाडीला गिऱ्हाईक म्हणून आला. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि चकित झाला.

"राव, हा एक्सल ह्या गाडीचा न्हाई. कुनी बसवला?"

सुरेश काही बोलायच्या आत आण्णा ओट्यावरून उठून आले. काठी टेकत आले. "आमी बसवला," ते म्हणाले. मग त्यांनी त्या माणसाला सगळं सांगितलं: नळा कसा कापला, जोड आतून कसा दिला, वेल्डिंग थांबत थांबत का करायचं. मधेच सुरेश म्हणाला, "पट्टी आधी न्हवती लावली, आण्णा, नंतर लावली." आण्णा त्याच्याकडं न बघता गिऱ्हाइकाला म्हणाले, "पट्टी नंतर लावली." आळ्याचा माणूस दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

गाडी गेली. फाटकाबाहेर वळली, आवाज लांब गेला, मग महामार्गाच्या आवाजात मिसळला. सुरेश अंगणात उभा होता. ठोकळ्यांवर गाडी चढवली होती तिथं तेलाचा काळा डाग होता, त्याकडं बघत. आण्णा त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी ओसरीत.

"सूनबाई," आण्णा म्हणाले, "त्याला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको."

मी पाय उचलला. आणि खाली ठेवला. का, ते विचारू नका. मी काही ठरवलं नव्हतं. एवढी वर्षं त्या अंगणातून निरोप नेले, हा एक माझ्याच्यानं नेववेना. आण्णा माझ्याकडं बघत राहिले. सुरेश डागाकडं बघत राहिला. आत्या आतून काय झालं म्हणून दारात आल्या आणि त्याही थांबल्या. रस्त्यावरून एक टोमॅटोची पिकअप गेली.  

"न्हाई वाटत, आण्णा," सुरेश म्हणाला.